दहाव्या दिवसाचे हवामान : स्कँडिनेव्हियातील मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचा इतिहास

हवामानाच्या अंदाजाचे प्रकार त्याच्या मुदतीवरून पाडले जातात. तीन दिवसांपर्यंतचा अंदाज अल्प पल्ल्याचा, तीन ते दहा दिवसांचा मध्यम पल्ल्याचा आणि त्यापुढचा विस्तारित किंवा दीर्घ पल्ल्याचा समजला जातो. वरवर पाहता ही दिवसांची मोजणी वाटते. परंतु अल्प आणि मध्यम पल्ल्यांमधील फरक त्याहून खोल आहे. उद्या येणारे वादळ आज कोठे तरी अस्तित्वात असते आणि ते कोणत्या वाटेने, किती वेगाने येईल एवढेच ठरवायचे असते. उलट आठव्या दिवशी बर्फ आणणारे वादळ आज बहुधा जन्मलेलेच नसते, आणि ज्या वायुराशींच्या संघर्षातून ते जन्माला येणार त्या अर्ध्या पृथ्वीपलीकडे असू शकतात. म्हणून अंदाजाचा काळ वाढवायचा तर नकाशाचे क्षेत्र वाढवावे लागते. हा नियम आज सूत्रांत मांडता येतो. परंतु नॉर्वे, स्वीडन, फिनलंड व डेन्मार्क या थंड प्रदेशातील लहान लोकसंख्येच्या देशांना तो पाऊणशे वर्षांच्या धडपडीतून टप्प्याटप्प्याने उमगत गेला, आणि मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचा इतिहास हा मुख्यतः त्या उमगण्याचा इतिहास आहे.

या प्रदेशाला अंदाजाची गरज सुखसोयीपुरती नव्हती. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरील लोफोटेन बेटांजवळ जानेवारी ते एप्रिल या काळात कॉड मासा अंडी घालण्यासाठी येतो, आणि शतकानुशतके हजारो मच्छीमार उघड्या होड्यांतून, म्हणजे नेमक्या सर्वांत वादळी महिन्यांत, त्याच्यामागे समुद्रात जात असत. शेतीचा हंगाम इतका आखूड की कापलेले गवत वाळवण्यासाठी सलग तीन-चार कोरडे दिवस मिळाले नाहीत, तर हिवाळाभर गोठ्यात बांधलेल्या जनावरांच्या वैरणीचा प्रश्न उभा राहत असे. ग्रामीण नॉर्वेत 'प्रिमस्ताव' नावाची लाकडी दिनदर्शिका वापरली जात असे. तिच्या एका बाजूवर १४ एप्रिलपासूनचा उन्हाळा आणि दुसऱ्या बाजूवर १४ ऑक्टोबरपासूनचा हिवाळा कोरलेला असे, आणि सणावारांच्या खुणांशी हवामानाचे लोकसंकेत जोडलेले असत. आपल्याकडील नक्षत्रे आणि त्यांची वाहने यांवरून पावसाचे अनुमान बांधणाऱ्या शेतकऱ्याला ही रीत परकी वाटणार नाही. असे संकेत ऋतूचा सर्वसाधारण स्वभाव सांगतात, परंतु येत्या आठवड्याबद्दल ते काहीच सांगू शकत नाहीत.

१८६६ मध्ये हेन्रिक मोन यांच्या संचालकत्वाखाली नॉर्वेची हवामानसंस्था स्थापन झाली, १८७२ मध्ये डेन्मार्कची आणि १८७३ मध्ये स्वीडनची. तारायंत्रामुळे दूरदूरची निरीक्षणे एकाच दिवशी एका नकाशावर आणणे शक्य झाले होते, परंतु या देशांची अडचण भौगोलिक होती. मध्य अक्षांशांत हवामान साधारणतः पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते, आणि नॉर्वेच्या पश्चिमेला उघडा महासागर आहे. जेथून वादळ येणार तेथे निरीक्षकच नव्हता. १९०६ मध्ये समुद्राखालून टाकलेली तार आइसलँडला पोहोचली तेव्हा नकाशाच्या त्या कोऱ्या भागात पहिला विश्वासार्ह बिंदू उमटला, आणि उत्तर युरोपच्या अंदाजकर्त्यांना येणाऱ्या वादळाची काही तास आधी चाहूल लागू लागली. काही तास म्हणजे फार नव्हेत, पण होड्या किनाऱ्याला ओढून घ्यायला ते पुरेसे होते.

दोनच वर्षे आधी, १९०४ मध्ये, नॉर्वेचे भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी एका जर्मन हवामानशास्त्रीय नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला होता, आणि आधुनिक अंदाजशास्त्राची पायाभरणी म्हणून तो ओळखला जातो. त्यांची मांडणी अशी होती की हवेची स्थिती दाब, तापमान, घनता, आर्द्रता आणि वाऱ्याचे तीन दिशांतील वेग या सात राशींनी पूर्णपणे सांगता येते, आणि या राशींना बांधणारी समीकरणे यांत्रिकी व उष्मागतिकीतून उपलब्ध आहेत. त्यामुळे आजची स्थिती अचूक कळली आणि समीकरणे सोडवता आली, तर उद्याची स्थिती गणितानेच निघाली पाहिजे. तोवर अंदाज हा अनुभवी डोळ्याचा व्यवहार होता, आणि जुन्या नकाशांशी साम्य शोधून त्यावरून पुढचे ताडले जात असे. ब्यर्कनेस यांनी हा प्रश्न रोगाचे निदान आणि पुढील वाटचालीचे कथन अशा दोन भागांत विभागला. त्यांतील निदानाचा भाग, म्हणजे 'आज हवा कशी आहे' हे नेमके जाणणे, किती अवघड आहे याची कल्पना पुढच्या शंभर वर्षांत उत्तरोत्तर वाढतच गेली.

ब्यर्कनेस १९१३ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे नव्या भूभौतिकी संस्थेचे प्रमुख झाले. परंतु पहिल्या महायुद्धाने त्यांचे तरुण सहकारी रणांगणावर नेले, अन्नटंचाई वाढली, आणि १९१७ मध्ये ते मायदेशी परतून बर्गेन या पश्चिम किनाऱ्यावरील शहरात आले. बर्गेन हे अतिशय पावसाळी शहर आहे. तेथे वर्षाला सुमारे २,२५० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जवळपास मुंबईइतका. मात्र मुंबईचा पाऊस चार महिन्यांत कोसळून थांबतो, तर बर्गेनचा बाराही महिने रिमझिमत राहतो. तटस्थ असूनही नॉर्वेला युद्धाची झळ दोन बाजूंनी बसली होती. धान्याची आयात अडली होती, आणि लढणाऱ्या राष्ट्रांनी हवामानाची माहिती लष्करी गुपित ठरवल्याने ब्रिटनकडून येणारी निरीक्षणे बंद झाली होती. पश्चिमेकडचे डोळेच असे मिटल्यावर ब्यर्कनेस यांनी उलटा मार्ग धरला. दूरचे दिसत नसेल तर जवळचे अतिशय बारकाईने पाहायचे, असे ठरवून त्यांनी शेतकऱ्यांसाठी अंदाज देण्याची योजना सरकारसमोर मांडली आणि १९१८ च्या उन्हाळ्यात किनाऱ्यावरील निरीक्षणस्थानांची संख्या सुमारे दहापट वाढवली. या कामात दीपगृहांचे रखवालदार आणि किनाऱ्यावरचे मच्छीमार यांच्या सवयीच्या नजरेचा उपयोग करून घेण्यात आला, आणि अंदाजाची कचेरी ब्यर्कनेस कुटुंबाच्या राहत्या घरातच थाटण्यात आली.

या दाट जाळ्यातून जे दिसले ते कोणी अपेक्षिले नव्हते. विल्हेल्म यांचे चिरंजीव याकोब ब्यर्कनेस तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. नकाशांचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले की आवर्त म्हणजे निव्वळ गोलाकार कमी दाबाचा प्रदेश नसून त्याच्या अंगात दोन स्पष्ट रेषा असतात : एका रेषेपाशी उष्ण हवा थंड हवेवर हळूहळू चढते, आणि दुसऱ्या रेषेपाशी थंड हवा उष्ण हवेखाली पाचरीसारखी घुसते. पाऊस या रेषांवर पडतो. १९१९ मध्ये त्यांनी ही रचना प्रसिद्ध केली. हाल्वोर सोलबर्ग आणि स्वीडिश संशोधक टोर बर्जेरोन यांनी तिच्यात भर घातली. थंड रेषा उष्ण रेषेला गाठून तिला जमिनीवरून उचलते आणि आवर्त म्हातारे होते, हे बर्जेरोन यांचे निरीक्षण. उत्तरेची ध्रुवीय हवा आणि दक्षिणेची कोमट हवा यांच्यामधील लांबच लांब सीमारेषेला 'ध्रुवीय आघाडी' हे नाव पडले. युरोपात लक्षावधी सैनिक खंदकांच्या आघाड्यांवर समोरासमोर उभे असलेल्या काळाने हा शब्द शास्त्राला दिला आणि तो कायमचा रुजला.

मध्यम पल्ल्याच्या दृष्टीने बर्गेनमधील या गटाची, म्हणजे बर्गेन संप्रदायाची, सर्वांत मोलाची देणगी थोडी वेगळी आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. याकोब ब्यर्कनेस आणि सोलबर्ग यांनी १९२२ मध्ये दाखवले की आवर्ते एकेकटी येत नाहीत. ध्रुवीय आघाडीवर लाटेसारखी जन्मणारी आवर्ते एकामागून एक येतात, प्रत्येक पुढचे थोडे अधिक दक्षिणेकडून जाते, आणि शेवटच्या आवर्तामागून ध्रुवीय हवेचा मोठा लोंढा खाली उतरून त्या मालिकेचा शेवट करतो. या 'आवर्तकुटुंबा'च्या कल्पनेमुळे अंदाजकर्ता प्रथमच एका वादळाच्या पलीकडे, म्हणजे येणाऱ्या अनेक दिवसांच्या क्रमाकडे, पाहू लागला. बर्गेनची ही भाषा फार दूरवर पोहोचली. १९२८ मध्ये भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले, आणि त्यानंतरच्या दशकात उपखंडातील हवामानालाही आघाड्यांची कल्पना लावून पाहण्याचे प्रयत्न झाले. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून काश्मीर-हिमाचलात बर्फ आणणाऱ्या पश्चिमी विक्षोभांना तिचा काही उपयोग झाला, परंतु मोसमी पावसाची घडण निराळी असल्याने तो त्या चौकटीत बसला नाही. याच याकोब ब्यर्कनेस यांनी उतारवयात, १९६९ मध्ये, प्रशांत महासागरावरील पूर्व-पश्चिम वायुचक्राला भारतीय हवामान खात्याचे जुने महासंचालक गिल्बर्ट वॉकर यांचे नाव दिले. उत्तरेच्या थंड किनाऱ्यावर सुरू झालेला अभ्यास अशा रीतीने मोसमी प्रदेशात केलेल्या कामाला येऊन मिळाला.

दरम्यान नकाशाची उत्तर सीमा पुढे सरकत होती. १९२१ मध्ये हागबार्ड एकेरोल्ड या नॉर्वेजियन अभियंत्याने ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्यामधील यान मायेन या निर्जन ज्वालामुखी बेटावर हवामानकेंद्र उभारले. तेथून बिनतारी यंत्रणेने निरीक्षणे मिळाली तर वायव्येकडून येणाऱ्या वादळांची सूचना किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना वेळेत देता येईल, अशी त्याची धारणा होती. १९२९ मध्ये नॉर्वेने हे बेट आपल्या राज्याला जोडले. एखाद्या भूभागावरील राजकीय हक्काआधी तेथे वायुभारमापक पोहोचावा, ही घटना त्या प्रदेशाच्या इतिहासात आणि भूगोलात सारखीच शोभणारी आहे.

तरीही जमिनीवरच्या निरीक्षणांना मर्यादा होती. १९२२ मध्ये लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गणितज्ञाने ब्यर्कनेस यांचे स्वप्न हाताने गणित करून प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न प्रसिद्ध केला. त्याने वापरलेली २० मे १९१० ची आकडेवारी ब्यर्कनेस यांच्या लाइपझिगमधील कामातूनच घेतलेली होती. सहा तासांत दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढेल, असे त्याचे उत्तर आले. प्रत्यक्षात दाब जवळजवळ स्थिर होता. ही पद्धत चुकीची नव्हती. आरंभीच्या निरीक्षणांतील वारा आणि दाब यांचा सूक्ष्म मेळ बसलेला नव्हता, आणि त्या विसंगतीने खोट्या लाटा निर्माण केल्या होत्या. तिचे कारण पुरते उलगडेपर्यंत बरीच वर्षे गेली.

हवेचे मर्म जमिनीवर नसून वर आहे, हे १९३० च्या दशकात फुग्यांना बांधलेल्या रेडिओसाँड यंत्रांमुळे समजू लागले. ही यंत्रे वर जाताना दाब, तापमान व आर्द्रता रेडिओवरून कळवतात. फिनलंडचे एरिक पाल्मेन यांनी अशा निरीक्षणांतून आवर्तांची त्रिमितीय रचना उलगडली. बर्गेनमध्ये तरुणपणी शिकून अमेरिकेत गेलेले स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल-गुस्ताफ रॉसबी यांनी १९३९ मध्ये वरच्या हवेतील प्रचंड लाटांचे गणित मांडले. साधारण साडेपाच किलोमीटर उंचीवर पश्चिमेचे वारे सरळ न वाहता हजारो किलोमीटर लांबीच्या वळणांनी वाहतात. वळणाच्या दक्षिणेकडे झुकलेल्या भागातून थंड हवा खाली येते आणि उत्तरेकडे उचललेल्या भागातून कोमट हवा वर जाते. खालची आवर्ते या लाटांच्या प्रवाहाने वाहून नेली जातात. १९४५ मध्ये रॉसबी यांनी याहून महत्त्वाची गोष्ट दाखवली : या लाटांमधील ऊर्जा लाटेच्या माथ्यापेक्षा वेगाने पूर्वेकडे पसरते, त्यामुळे प्रशांत महासागरावर एखादे खोल वळण तयार झाले की त्याचा परिणाम काही दिवसांतच अटलांटिक ओलांडून युरोपवर नवे वळण उमटवतो. स्कँडिनेव्हियाच्या पाचव्या दिवसाचा हिमवर्षाव जपानच्या पूर्वेकडील समुद्रात ठरू शकतो, ही गोष्ट त्यामुळे समीकरणात दिसू लागली.

या ज्ञानाची पहिली मोठी कसोटी युद्धात लागली. १९४४ च्या नॉर्मंडीवरील चढाईसाठी सेनानींना पाच दिवसांचा अंदाज हवा होता. बर्गेन संप्रदायातील नॉर्वेजियन स्वेर पेटर्सन हे ब्रिटनमधील डन्स्टेबल येथे वरच्या हवेचे नकाशे तपासत होते, आणि दोन-तीन दिवसांपलीकडे खात्रीने काही सांगता येत नाही, अशी त्यांची प्रामाणिक भूमिका होती. अमेरिकन गट जुन्या नकाशांशी साम्य शोधून आशावादी निष्कर्ष काढत होता. पेटर्सन यांनी ५ जूनच्या वादळाचा इशारा दिला. चढाई एक दिवसाने पुढे ढकलली गेली. त्याच काळात आर्क्टिक बेटांवर हवामानाच्या निरीक्षणांसाठी एक विलक्षण छुपी लढाई चालू होती. ग्रीनलंड आणि स्वालबार्डवर जर्मन सैन्य गुप्त हवामानकेंद्रे उभारत असे, कारण उत्तरेचे निरीक्षण ज्याच्याकडे त्याच्याकडेच युरोपचे उद्याचे हवामान. स्वालबार्डमधील अशा एका तुकडीने ४ सप्टेंबर १९४५ रोजी, म्हणजे जर्मनीच्या शरणागतीनंतर चार महिन्यांनी, शिकारीसाठी निघालेल्या एका नॉर्वेजियन जहाजाच्या कप्तानासमोर शस्त्रे ठेवली. शरण आलेली ती शेवटची जर्मन तुकडी समजली जाते.

रॉसबी १९४७ मध्ये स्टॉकहोमला परतले, आणि पुढील दहा वर्षे, १९५७ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत, ते शहर जगाच्या हवामानशास्त्राचे एक केंद्र झाले. १९५० मध्ये अमेरिकेत एनिॲक या संगणकावर पहिले यशस्वी संख्यात्मक अंदाज काढले गेले, आणि त्या गटात जूल चार्नी व जॉन फॉन नॉयमन यांच्यासोबत नॉर्वेचे राग्नार फ्योर्टोफ्ट होते. चार्नी स्वतः त्याआधी ऑस्लोमध्ये राहून गेले होते. तेव्हा चोवीस तासांचा अंदाज काढायला जवळजवळ चोवीस तासच लागत. मात्र हे तंत्र प्रयोगशाळेतून रोजच्या कामात आणण्याचा मान स्वीडनकडे जातो. बेस्क या स्वदेशी बनावटीच्या संगणकावर रॉसबी यांच्या गटाने स्वीडिश हवाई दलाच्या सहकार्याने १९५४ मध्ये नियमित संख्यात्मक अंदाज सुरू केले, आणि अमेरिकेची यंत्रणा त्यानंतर, १९५५ मध्ये, कामाला लागली. पुरेशी निरीक्षणे आणि चांगला संगणक असेल तर लहान देशही पुढे राहू शकतो, हा विश्वास त्या यशाने दिला. परंतु या विश्वासाला एक मर्यादा होती. या अंदाजांचा नकाशा उत्तर अटलांटिकपुरता आणि एकाच पातळीचा होता, आणि त्याच्या काठांवरून शिरणारी अनिश्चितता दोन-तीन दिवसांत संपूर्ण नकाशा गिळून टाकत असे.

स्टॉकहोममधील याच वातावरणात डॅनियल रेक्स यांनी १९५० मध्ये 'अवरोध' या घटनेचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. पश्चिमेचा वारा कधी कधी अटलांटिकच्या पूर्व भागात दुभंगतो, मध्ये उच्च दाबाचे एक बलाढ्य क्षेत्र ठाण मांडून बसते आणि एक-दोन आठवडे हलत नाही. अशा वेळी आवर्ते उत्तरेला वा दक्षिणेला वळतात, पूर्वेकडून रशियाची थंडी आत शिरते, आणि स्कँडिनेव्हियाचे नेहमीचे ओले हिवाळी हवामान कोरड्या, कडक थंडीत पालटते. उत्तरेच्या हिवाळ्यातील तीव्र थंडीचे बरेच प्रसंग कोणत्या ना कोणत्या रीतीने अवरोधाशी बांधलेले असतात. अवरोध एकदा स्थिरावला की अंदाज सोपा होतो, परंतु तो केव्हा बसेल आणि केव्हा मोडेल हे ओळखणे हीच मध्यम पल्ल्याच्या अंदाजाची खरी परीक्षा असते.

युद्धोत्तर काळात आणखी एक डोळा समुद्रात उभा राहिला. आंतरराष्ट्रीय करारानुसार महासागरातील ठरावीक ठिकाणी जहाजे उभी ठेवण्याची योजना झाली, आणि नॉर्वेजियन समुद्रातील, ६६ अंश उत्तर अक्षांशावरील 'एम' स्थानाची जबाबदारी १९४८ पासून नॉर्वेने उचलली. या जहाजावरून फुगे सोडले जात आणि बर्फाळ लाटांमध्ये वर्षभर निरीक्षणे घेतली जात. शेवटच्या काळात तेथे असलेल्या जहाजाचे नाव 'पोलारफ्रंट' होते. बर्गेनच्या कल्पनेला समुद्रात इतके समर्पक स्मारक दुसरे नसेल. २००९ च्या अखेरीस हे स्थान बंद झाले तेव्हा जगातील अशा हवामानजहाजांची परंपराही संपली, कारण त्यांचे बरेचसे काम उपग्रहांनी घेतले होते.

अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवले की आरंभीच्या स्थितीतील अतिसूक्ष्म चूकही वाढत जाऊन संपूर्ण चित्र बदलू शकते. पुढील अभ्यासांतून हवामानाच्या तपशीलवार अंदाजाची मर्यादा सुमारे दोन आठवडे असल्याचे दिसून आले. काहींना ही बातमी निराशेची वाटली, परंतु धोरण ठरवणाऱ्यांनी ती वेगळ्या रीतीने वाचली : मर्यादा दोन आठवड्यांची आहे आणि प्रत्यक्ष उपयुक्त अंदाज मात्र दोन-तीन दिवसांवर थांबतो, तर मधले दिवस मिळवण्याजोगे आहेत. ते मिळवण्यासाठी संपूर्ण पृथ्वीचे प्रतिमान हवे होते, आणि तसले प्रतिमान चालवण्याइतका संगणक एकट्या कोणत्याही युरोपीय देशाला पेलणारा नव्हता.

त्यातून युरोपीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राचा जन्म झाला. १९७३ मध्ये करारावर सह्या झाल्या, १९७५ मध्ये तो अमलात आला आणि ब्रिटनमधील रेडिंग येथे केंद्र उभे राहिले. संस्थापक देशांत स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड होते. पायाभूत सिद्धान्त ज्या भूमीत जन्मला तो नॉर्वे मात्र नंतर सामील झाला. पहिले संचालक डेन्मार्कचे आक्सेल वीन-नील्सन होते, आणि संशोधनाची धुरा स्वीडनच्या लेनार्ट बेंग्टसन यांच्याकडे होती, जे पुढे स्वतः संचालक झाले. बर्गेन-स्टॉकहोमचा वारसा अशा प्रकारे माणसांच्या रूपानेच रेडिंगला पोहोचला. पृथ्वीला सुमारे दोनशे किलोमीटरच्या चौकटींत आणि उंचीच्या पंधरा स्तरांत विभागणारे पहिले प्रतिमान क्रे-१ या संगणकावर चालवून १ ऑगस्ट १९७९ रोजी नियमित मध्यम पल्ल्याचा अंदाज सुरू झाला. दहा दिवसांचे गणित केले जात असले तरी आरंभी पाच-सहा दिवसांपर्यंतचा भागच उपयोगाचा असे. त्यानंतर दर दशकाला सुमारे एक दिवस अशी प्रगती होत गेली. भारतातही याच धर्तीवर १९८८ मध्ये राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र स्थापन झाले, आणि शेतीसाठी काही दिवस आधी सल्ला देणे हा त्यामागील मुख्य हेतू होता. ज्या हेतूने ब्यर्कनेस यांनी १९१८ मध्ये किनाऱ्यावर निरीक्षक नेमले, तोच हा हेतू.

नकाशा पृथ्वीएवढा झाला तेव्हा थंड प्रदेशाच्या अंदाजातील चुका वेगळ्या ठिकाणी दिसू लागल्या. आता दूरच्या समुद्रापेक्षा पायाखालची जमीन अडचणीची ठरत होती. १९९० च्या दशकात केंद्राच्या प्रतिमानात हिवाळ्यातील जमिनीलगतची हवा प्रत्यक्षापेक्षा फार थंड होत असे, आणि त्याचे एक कारण मातीतील पाणी होते. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकते आणि त्यामुळे माती गोठणबिंदूपाशी बराच काळ रेंगाळते. परंतु प्रतिमानातील मातीला गोठणेच माहीत नव्हते, म्हणून ती थेट खाली घसरत असे. थंड जमिनीवरची हवा जड होऊन बसते, वरच्या हवेशी तिची मिसळण थांबते, त्यामुळे वरून येणारी ऊब बंद होते आणि जमीन आणखी थंड होते. अशा रीतीने चूक स्वतःलाच पोसत असे. १९९६ मध्ये गोठण्याची प्रक्रिया प्रतिमानात समाविष्ट केल्यावर हा दोष बराच कमी झाला.

दुसरी चूक जंगलाची होती, आणि ती अधिक उद्बोधक आहे. ताजा बर्फ सूर्यप्रकाशाचा सुमारे ऐंशी टक्के भाग परत पाठवतो, म्हणून प्रतिमानात बर्फ पडलेला सर्व प्रदेश चकचकीत पांढरा धरला जात असे. परंतु उत्तरेचा बर्फाळ प्रदेश म्हणजे प्रामुख्याने सूचिपर्णी अरण्य आहे. तेथे बर्फ झाडांखाली असतो, आणि वरून पाहणाऱ्याला गडद हिरवे शेंडेच दिसतात. कॅनडातील अरण्यांत १९९४ ते १९९६ या काळात झालेल्या एका मोठ्या क्षेत्र-प्रयोगातील मोजमापांनी दाखवून दिले की अशा अरण्याची परावर्तनक्षमता वीस टक्क्यांच्या आसपासच असते. अरण्याने शोषलेली ही ऊब हिशेबात धरलेली नसल्याने मार्च-एप्रिलमध्ये, सूर्य चढू लागल्यावरही, प्रतिमानातील उत्तर गोलार्ध थंड राहत असे. १९९६ च्या अखेरीस हा आकडा बदलला आणि उत्तरेच्या वसंतातील अंदाज स्पष्टपणे सुधारले. अरण्यात राहणाऱ्या कोणत्याही माणसाला हिवाळ्यातील रान काळसर दिसते हे ठाऊक असते. समीकरणांना मात्र ते सांगावे लागले, आणि तसे सांगण्यासाठी एका मोठ्या प्रयोगाची मोजमापे पुरवावी लागली.

त्याच काळात आणखी दोन बदल झाले, त्यांनी अंदाजाचा स्वभावच पालटला. १९९२ पासून केंद्राने एकाऐवजी अनेक अंदाज एकाच वेळी चालवण्यास सुरुवात केली. आरंभीच्या स्थितीत हेतुपुरस्सर किंचित फरक करून हे समूह-अंदाज काढले जातात, आणि ते एकमेकांशी जुळले तर विश्वास अधिक, विखुरले तर कमी, असे लॉरेन्झ यांच्या शोधाला व्यवहाराची जोड देणारे हे तंत्र आहे. १९९७ पासून निरीक्षणांना त्यांच्या नेमक्या वेळेसकट, आरंभी सहा तासांच्या कालपटावर, प्रतिमानात गुंफण्याची चतुर्मित पद्धत अमलात आली. त्यामुळे १९०४ च्या लेखातील निदान आणि कथन या दोन पायऱ्या एकमेकींत विणल्या गेल्या. स्थितांबरातील, म्हणजे सुमारे दहा किलोमीटरवरील कोरड्या थरातील, घडामोडीही मध्यम पल्ल्याच्या कक्षेत आल्या. बर्लिनचे रिचर्ड शेरहाग यांनी १९५२ मध्ये टिपलेले, स्थितांबरातील ध्रुवीय हवेचे अचानक तापणे पुढील आठवड्यांत खालच्या थरांतील थंडीची चाहूल देऊ शकते. फेब्रुवारी २०१८ मध्ये असेच घडले आणि त्या महिन्याच्या अखेरीस पश्चिम युरोपवर रशियाकडून तीव्र थंडी उतरली. अलीकडे जुन्या निरीक्षणांवरून शिकणारी यंत्रप्रज्ञा अंदाजाच्या कामात आली आहे, आणि केंद्राने स्वतः बनवलेली अशी प्रणाली २०२५ च्या फेब्रुवारीपासून नियमित वापरात आहे. तिचे मूल्यमापन पुढील दशकाचे काम आहे.

तरी काही गोष्टी दहा दिवसांच्या अंदाजाच्या बाहेरच राहतात. थंड ध्रुवीय हवा बर्फावरून उघड्या समुद्रावर आली की खालून तापते, उसळते आणि काही शे किलोमीटर व्यासाची लहान, पण क्रूर आवर्ते निर्माण करते. ही ध्रुवीय आवर्ते एक-दोन दिवसच जगतात. उपग्रहचित्रे येईपर्यंत त्यांची रचना कोणी पाहिली नव्हती, मच्छीमारांना मात्र ती त्यांच्या तडाख्यावरून ठाऊक होती. मध्यम पल्ल्याचा अंदाज ध्रुवीय हवा समुद्रावर केव्हा उतरेल याची शक्यता आठवडाभर आधी सांगू शकतो. त्या हवेत कोठे आवर्त जन्मेल ते मात्र आदल्या दिवशीच कळते. २०१७ ते २०१९ या काळात ध्रुवीय अंदाजासाठी राबवलेल्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत जादा फुगे सोडून या कोऱ्या भागातील निरीक्षणे वाढवली गेली, कारण बर्फावरून येणारे उपग्रहाचे संकेत अजूनही संदिग्ध असतात.

दुसरी गोष्ट अधिक स्थानिक आहे. नॉर्वेच्या अतिउत्तरेतील कारासयोक गावी १ जानेवारी १८८६ रोजी उणे ५१.४ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. तो नॉर्वेचा आजवरचा नीचांक आहे. फिनलंडचा उणे ५१.५ अंशांचा नीचांक किट्टिला भागातील पोक्का येथे २८ जानेवारी १९९९ रोजी आला. अशा स्वच्छ, निवांत रात्री थंड हवा दऱ्यांच्या तळाशी साचते, आणि तळ व शेजारच्या टेकडीचा माथा यांच्या तापमानात दहा अंशांहून अधिक फरक पडू शकतो. उंची वाढली की तापमान घटते, या नेहमीच्या नियमाच्या नेमके उलटे होत असल्याने या स्थितीला तापमानाची विपरीतता म्हणतात. आजच्या जागतिक प्रतिमानातील एक चौकट सुमारे नऊ किलोमीटरची असते, आणि तो तळ व माथा एकाच चौकटीत मिसळून जातात. शंभर वर्षांत यान मायेनपासून प्रशांत महासागरापर्यंतचा नकाशा जोडून झाल्यावर उरलेले काम पुन्हा एका दरीच्या रुंदीवर आले आहे, आणि तेथील थंडीचा आकडा आजही सर्वांत खात्रीने सांगतो तो त्या दरीच्या तळाशी असलेला तापमापक.